एन३० च्या खाली एन३६, त्याच्या खाली एन३५

परवा नवीन लागलेला एक पोरगा सीएनसी लेथच्या (लिहिलेल्या प्रोग्रामवर जॉब फिरवून कापणाऱ्या मशीनच्या) कंट्रोलसमोर उभा राहून बराच वेळ मान खाजवत होता. ग्रूव्हिंगच्या, म्हणजे खाच पाडायच्या, टूलमध्ये त्याला ड्वेल टाकायचा होता, म्हणजे खाचेच्या तळाला टूल अर्धा सेकंद थांबावं म्हणून जी०४ पी५०० ची ओळ. प्रोग्राममध्ये एन३० नंतर डायरेक्ट एन४०, त्यामुळे मधे एन३५ टाकला, छान. मग लक्षात आलं की फीडची, म्हणजे टूल किती वेगाने पुढे सरकेल त्याची, ओळ अजून एक हवी आणि ती ड्वेलच्या आधी हवी, ती त्याने टाकली पण नंबर दिला एन३६. आता स्क्रीनवर वरून खाली ३०, ३६, ३५, ४०. आणि हा सायकल स्टार्टवर, म्हणजे प्रोग्राम चालू करायच्या बटणावर, बोट ठेवून थांबलाय. मला म्हणतो, सर, मशीन आधी ३५ करेल का ३६?

मी म्हटलं जे वर लिहिलंय ते आधी. म्हणाला, पण नंबर तर मागेपुढे झालाय. मी म्हटलं होऊ दे ना, मशीन नंबर मोजत बसत नाही. त्याला काही पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं, मग सिंगल ब्लॉक लावून, म्हणजे एका वेळी एकच ओळ चालवून, दाखवलं, तेव्हा कुठे पटलं.

हसायचं काही नाही यात, कारण मी स्वतः पहिलं जवळजवळ वर्षभर हेच समजत होतो. कोणी सांगितलंच नव्हतं. ज्यांनी शिकवलं त्यांनी एन१०, एन२०, एन३० असं लिहायला शिकवलं, का ते नाही सांगितलं, आणि मी पण विचारलं नाही. एकदा तर ओळ मधे टाकायची होती आणि ८० ते ९० मधले सगळे नंबर संपले होते म्हणून मी खालचा अख्खा प्रोग्राम परत टाईप केला, कंट्रोलच्या त्या कडक बटणांवर, एकेक अक्षर शोधत. आता आठवलं की हसू येतं. म्हणून म्हटलं या एका अक्षरावर एकदा नीट लिहूनच टाकू. (मशीनवर सगळं रोमन अक्षरातच असतं हे सांगायला नको, इथे मी देवनागरीत लिहितोय एवढंच. आणि जे सांगतोय ते मुख्यतः फॅनुक या कंट्रोल बनवणाऱ्या कंपनीच्या पद्धतीच्या लेथचं आहे, बाकीच्यांचं पुढे थोडं येईल.)

तर एन म्हणजे ब्लॉकचं, म्हणजे प्रोग्रामच्या एका ओळीचं, नाव. नाव, अनुक्रमांक नाही. इंग्रजीत त्याला सीक्वेन्स नंबर म्हणतात आणि तिथेच घोळ आहे, त्या शब्दामुळे वाटतं की क्रम त्यावरून ठरतो. क्रम ठरतो फक्त लिहिलेल्या ओळींवरून. नंबर उलटे लिहा, उड्या मारत लिहा, अजिबात लिहू नका, प्रोग्राम तसाच चालतो. ज्यांनी जुन्या कॉम्प्युटरवर बेसिक शिकलंय त्यांचा गोंधळ जास्त होतो, कारण तिकडे १०, २०, ३० हे खरंच क्रम ठरवायचे, तुम्ही २५ नंबरची ओळ सगळ्यात शेवटी टाईप केली तरी कॉम्प्युटर ती २० आणि ३० च्या मधे नेऊन बसवायचा. लेथचा कंट्रोल असलं काही करत नाही. दिसायला सारखं, काम वेगळं.

मग दहा दहाने नंबर द्यायची पद्धत आली कुठून? याचं उत्तर कागदी टेपमध्ये आहे. एमआयटीमध्ये १९५२ साली पहिली एनसी (आकड्यांच्या हुकमावर चालणारी) मिलिंग मशीन दाखवली तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षं प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेली कागदाची पट्टी. एक इंच रुंद, आठ रांगा भोकांच्या, आणि एका इंचात दहा अक्षरं. सुरुवातीच्या कंट्रोलला आपल्यासारखी स्क्रीन नव्हती, प्रोग्राम वाचता यायचा नाही, मशीन कुठल्या ब्लॉकवर आहे हे कळायला एकच गोष्ट असायची, सीक्वेन्स नंबर दाखवणारे आकडे. म्हणजे ऑपरेटरच्या हातात तेवढंच. टूल तुटलं, टेप थांबवली, आकडा बघितला, हातातल्या कागदावर तो नंबर शोधला, तेव्हा कळणार की कुठे तुटलं. नंबर नसेल तर आंधळी कोशिंबीर. तेव्हा प्रत्येक ब्लॉकला नंबर देणं ही गरज होती. पुढे १९८२ साली आयएसओ ६९८३ आलं, त्याच्या आधी अमेरिकेतलं आरएस-२७४-डी होतं, आणि त्या सगळ्यात एन हे अक्षर सीक्वेन्स नंबरसाठी आणि ते ब्लॉकच्या सुरुवातीला, हे पक्कं होऊन गेलं.

टेप गेली पण तिचं भूत अजून कंट्रोलमध्ये आहे. प्रोग्रामच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीत जे टक्क्याचं चिन्ह असतं ना, ते टेपचंच. ओळीच्या शेवटी ईओबी (एंड ऑफ ब्लॉक) दाबल्यावर जो सेमीकोलन दिसतो तो पण खरा सेमीकोलन नाही, टेपवरचं ब्लॉक संपल्याचं भोक आहे ते, स्क्रीनवर दाखवायला काहीतरी पाहिजे म्हणून सेमीकोलन. आणि सगळ्यात भारी म्हणजे मेमरी. फॅनुकच्या कागदपत्रात प्रोग्रामची मेमरी मीटरमध्ये लिहिलेली असायची! ८० मीटर, १६० मीटर, ३२० मीटर. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं केबलची लांबी आहे. हिशोब सोपा आहे, एका अक्षराला २.५४ मिलीमीटर टेप लागते, म्हणजे १० मीटरमध्ये साधारण चार हजार अक्षरं, ८० मीटर म्हणजे ३२ केबी. आता बघा, एन००१० असं लिहिलं की पाच अक्षरं गेली. ४०० ब्लॉकचा प्रोग्राम असेल तर नुसत्या नंबरांची दोन हजार अक्षरं, म्हणजे पाच मीटर टेप फक्त नंबरांची. ८० मीटरच्या मशीनवर दहापंधरा प्रोग्राम ठेवायचे असतील तर हे परवडत नाही, आणि त्यातूनच लोकांनी नंबर काढून टाकायला सुरुवात केली. माझ्या पहिल्या सिनियरला हे कारण माहीत होतं बहुतेक, कारण ते मेमरी फुल झाली की आधी जुन्या प्रोग्राममधले एन उडवायला लावायचे, पण असं का विचारलं तर "कर सांगितलंय तेवढं".

आता कोणी म्हणेल की मग नंबर बिनकामाचेच ना, काढून टाका सगळे. तर नाही. इथेच खरी गंमत आहे. काही जागी नंबर नसेल तर मशीन पुढेच जाणार नाही, आणि लेथवर ही जागा रोजची आहे, जी७१, म्हणजे रफिंगचा, जादा माल भराभर काढायचा सायकल.

समजा ५० मिलीमीटर डायाचा (व्यासाचा) बार आहे, त्यावर २० आणि ३० अशा दोन पायऱ्या काढायच्यात. आपण असं लिहितो (एक्स म्हणजे डाया, झेड म्हणजे लांबीची दिशा, जी०० म्हणजे न कापता झपकन जाणं, जी०१ म्हणजे कापत जाणं, एफ म्हणजे फीड),

जी०० एक्स५२.० झेड२.०
जी७१ यू१.५ आर०.५
जी७१ पी१०० क्यू१९० यू०.४ डब्ल्यू०.१ एफ०.२५
एन१०० जी०० एक्स२०.०
जी०१ झेड-२५.० एफ०.१२
एक्स३०.०
झेड-४०.०
एन१९० एक्स५२.०
जी७० पी१०० क्यू१९०

यात पी१०० म्हणजे प्रोफाइल जिथे सुरू होतो त्या ब्लॉकचं नाव, क्यू१९० म्हणजे जिथे संपतो त्याचं. कंट्रोल जी७१ ला आला की एन१०० शोधतो, तिथून एन१९० पर्यंतचा आकार डोक्यात घेतो, आणि रफिंगचे पास स्वतः पाडतो. वरच्या ओळीतला यू१.५ हा रेडियसवरचा कट, म्हणजे डायावर प्रत्येक पासला ३ मिलीमीटर, आणि खालच्या ओळीतला यू०.४ हा फिनिशिंगसाठी सोडलेला माल, तो मात्र डायावर. अक्षर एकच, ओळ बदलली की अर्थ बदलला, रेडियसचा डाया झाला. हे ज्याने ठरवलं त्याला एकदा भेटायचंय मला. बोअरिंगला, म्हणजे आतून भोक मोठं करताना, हाच खालचा यू मायनसमध्ये द्यावा लागतो आणि तो मायनस विसरला की रफिंगमध्येच बोअर मोठा, फिनिशिंगला मालच शिल्लक नाही. हे सगळ्यांचं एकदा तरी झालेलं असतं, जो नाही म्हणतो तो खोटं बोलतो.

अजून एक गोष्ट, एन१०० आणि एन१९० च्या मधे जो एफ०.१२ लिहिलाय तो जी७१ बघतच नाही, रफिंग ०.२५ नेच होतं. तो ०.१२ लागू होतो जी७० ला, फिनिशिंगमध्ये. आणि एन१०० च्या ब्लॉकमध्ये जी०० किंवा जी०१ असायलाच पाहिजे, आणि साध्या प्रकारात तिथे फक्त एक्सची हालचाल, झेड नाही लिहायचा. नंबर सापडला नाही तर अलार्म ६३, नंबर सापडला पण त्या ब्लॉकमध्ये जी०० जी०१ नाही तर ६५. हे दोन अलार्म मी मॅन्युअल न उघडता सांगू शकतो एवढ्या वेळा बघितलेत.

म्हणजे मधल्या ओळींना नंबर असो नसो, त्या दोन ओळींना पाहिजेच. कारण त्या दोघांना कोणीतरी नावाने हाक मारणार आहे.

आणि हाक मारायची असेल तर एकाच घरात दोन माणसं एका नावाची नकोत. हे मी फार वाईट पद्धतीने शिकलो. एका जॉबला बाहेरून टर्निंग आणि आतून बोअरिंग, दोन्हीला जी७१. मी टर्निंगचा तुकडा लिहिला, चालला, मस्त. मग तोच कॉपी करून खाली चिकटवला आणि आकडे बदलून बोअरिंगचा केला, पण एन१०० आणि एन१९० तसेच राहिले. म्हणजे प्रोग्राममध्ये दोन एन१००. टर्निंग झालं, ड्रिल झालं, बोअरिंगचं रफिंग पण नीट झालं, त्यामुळे मी निवांत, पण पहिला पीस होता म्हणून सिंगल ब्लॉक चालू ठेवला होता हे नशीब. फिनिशिंगच्या बोअरिंग बारला जी७० आला, बोअर ३२ चा, आणि स्क्रीनवर बघतो तर एक्स ५८ ला जाऊन उभा! बार जॉबच्या तोंडासमोर, २ मिलीमीटर लांब, आणि पुढच्या ब्लॉकला तो झेड मायनसमध्ये घुसणार, म्हणजे बारचं अख्खं अंग जॉबच्या फेसवर. त्या कंट्रोलने जी७० साठी प्रोग्रामच्या वरपासून शोधायला घेतलं होतं, पहिला एन१०० सापडला तो टर्निंगचा, तोच उचलला. बिचाऱ्याची काय चूक. रिसेट मारला आणि दोन मिनिटं नुसता बसून राहिलो.

कुठला कंट्रोल कुठून शोधायला सुरुवात करतो, इथून खाली का एकदम वरून, यावर विसंबून राहायचंच नाही. एका प्रोग्राममध्ये एक नंबर एकदाच. तेव्हापासून माझी सवय अशी की प्रोफाइलचा नंबर टूलवरून. टूल १ ने रफिंग असेल तर पी१०१ क्यू१०२, बोअरिंगचं रफिंग टूल ५ ने असेल तर पी५०१ क्यू५०२. कॉपी केलं तरी टूल नंबर बदलताना हे बदलायचं आठवतं, आणि नाही आठवलं तरी बघणाऱ्याच्या डोळ्याला खुपतं की टूल ५ च्या खाली १०१ काय करतोय.

पी या अक्षराबद्दल वेगळं बोलावं लागेल. एवढं बहुरूपी अक्षर दुसरं नाही. जी७१, जी७० मध्ये पी म्हणजे ब्लॉकचं नाव. जी०४ मध्ये पी म्हणजे वेळ, पी५०० म्हणजे ५०० मिलीसेकंद. एम९८ मध्ये पी म्हणजे सबप्रोग्रामचा नंबर. एम९९ मध्ये परत ब्लॉकचा नंबर, सबप्रोग्राममधून परत येताना मेन प्रोग्रामच्या कुठल्या ब्लॉकवर यायचं तो. जी७६ थ्रेडिंगमध्ये तर कहरच आहे, पहिल्या ओळीतला पी०१००६० म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी चिकटवलेल्या, फिनिशचा एक पास, चॅम्फर शून्य, आट्याचा कोन ६०, आणि दुसऱ्या ओळीतला पी म्हणजे आट्याची उंची मायक्रॉनमध्ये, २ च्या पिचला साधारण १२२७.

हे सगळं का सांगतोय, तर रिनंबरिंग. पीसीवरच्या एडिटरमध्ये एक बटण असतं, दाबलं की प्रोग्रामचे सगळे एन १०, २०, ३० असे ओळीने छान लागतात. बघायला इतकं सुंदर दिसतं की दाबल्याशिवाय राहवत नाही. काही एडिटर नुसते एन बदलतात, पी क्यू तसेच, म्हणजे एन१०० चा एन१४० झाला आणि जी७१ अजून १०० लाच शोधतोय, आणि नवीन एन१०० आता ड्रिलच्या मधे कुठेतरी आहे. यात अलार्म आला तर देव पावला म्हणायचं. दुसरे एडिटर जास्त हुशार असतात, ते एन बरोबर पी पण बदलतात. तर एकाने असा हुशार एडिटर वापरला आणि ग्रूव्हच्या तळाला फिनिश येईना. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलला, फीड कमी केला, स्पीड कमी केला, कूलंटचा नोझल वळवला, अर्धी शिफ्ट गेली. शेवटी प्रोग्राम वाचला तर जी०४ पी७०. आधी होता पी५००. त्या प्रोग्राममध्ये एन५०० पण होता, त्याचा एन७० झाला, आणि एडिटरला वाटलं की हा पी५०० पण त्यालाच हाक मारतोय, केला बदल. अर्ध्या सेकंदाचा ड्वेल झाला ७० मिलीसेकंद, ८०० आरपीएमला स्पिंडलचा एक फेरा पण पूर्ण होत नाही तेवढ्यात! तळ गोल कसा येणार. मी तेव्हापासून ड्वेल जी०४ यू०.५ असा लिहितो, लेथवर यू किंवा एक्सने पण सेकंदात देता येतो, पी ला हातच लावत नाही.

दशांश चिन्ह हा अजून एक छळ आहे पण तो आज नको, फक्त एवढंच की यू०.५ ला टिंब पाहिजे आणि पी ला टिंब चालत नाही. जुन्या सेटिंगवर एक्स५० असं टिंबाशिवाय लिहिलं तर मशीन त्याला ५० मायक्रॉन समजते. पुढचं तुम्हीच कल्पना करा.

आता माणसाने मारायची हाक. टूल ३ चा इन्सर्ट तुटला, बदलला, आता पहिल्या टूलपासून परत चालवण्यात अर्थ नाही, सरळ टूल ३ पासून सुरू करायचं. एडिट मोडमध्ये एन३ टाईप केलं, खालचा बाण दाबला, कर्सर तिथे. प्रत्येक ओळीला नंबर असेल तर टूल ३ ची सुरुवात कुठली, एन१२७० का एन१३१०, कागद शोधत बसा. म्हणून आम्ही प्रत्येक टूलच्या सुरुवातीलाच फक्त नंबर देतो, आणि तो टूलचाच नंबर. एन१ ला टी०१०१, एन३ ला टी०३०३. रात्रपाळीचा कोणीही येऊ दे, सांगायला लागत नाही.

पण नुसता नंबर असून भागत नाही, त्या नंबरच्या खाली टूलला लागणारं सगळं परत लिहिलेलं पाहिजे. माझं साधारण असं असतं (जी२८ टूल होमला नेतो, टी टूल बोलावतो, जी५० आरपीएमला मर्यादा घालतो, जी९७ म्हणजे ठराविक आरपीएम, एम०३ स्पिंडल चालू, एम०८ कूलंट चालू, जी९९ म्हणजे फीड प्रत्येक फेऱ्याला),

एन५
जी२८ यू०
जी२८ डब्ल्यू०
टी०५०५
जी५० एस१८००
जी९७ एस८०० एम०३
जी०० एक्स३०.० झेड५.० एम०८
जी९६ एस१६० जी९९

वाटतं की जी९९ आधीच्या टूलला दिलाच आहे, जी५० पण दिलाय, परत कशाला. वरून खाली चालवताना नाही लागत, बरोबर. पण मधून सुरू केलं की कंट्रोलला वरचं काही माहीत नसतं, त्याच्याकडे शेवटचं जे काय उरलंय तेच. सकाळी मशीन ऑन केली, एन५ शोधला, सायकल स्टार्ट. आणि समजा जी५० ची ओळ फक्त एन१ मध्ये होती. आता जी९६ एस१६० म्हणजे कटिंग स्पीड १६० मीटर प्रति मिनिट कायम ठेव, डाया कमी होईल तसे आरपीएम वाढव. १० च्या डायाला ते होतात जवळपास ५१००, ५ च्या डायाला १०२००, आणि फेसिंग करत शून्याकडे गेलं तर मशीनचा जो काय कमाल आरपीएम असेल तिथपर्यंत. जॉब जरा वेडावाकडा असेल, कास्टिंग असेल, तर चकमधून (जॉब धरणाऱ्या पकडीतून) काय बाहेर येईल सांगता येत नाही. मी ते फक्त एकदा ऐकलंय, बघितलं नाही, आवाज पुरेसा होता.

अजून एक, वरच्या तुकड्यात जी२८ यू० आधी आहे, म्हणजे आधी एक्स होमला. बाहेरच्या टूलला ते बरोबर. पण बोअरिंग बार बोअरच्या आत असताना थांबवलं असेल आणि तसंच एन५ पासून सुरू केलं तर पहिल्याच ब्लॉकला बार वर जाणार आणि बोअरची भिंत घेऊन जाणार. तेव्हा आधी हाताने झेड बाहेर काढायचा मग सायकल स्टार्ट, किंवा आतल्या टूलच्या सुरुवातीला डब्ल्यू आधी लिहायचा. काही जण दोन्ही एकाच ओळीत जी२८ यू० डब्ल्यू० लिहितात, मला नाही आवडत ते. आणि कर्सर एन५ च्या ओळीवरच आहे ना हे बघायचं, एकाने टी०५०५ च्या खालून सुरू केलं होतं, टरेट (टूल धरणारं चाक) फिरलाच नाही, आधीच्या टूलने आणि आधीच्या ऑफसेटने (त्या टूलच्या मापाने) नवीन टूलचा रस्ता चालायला घेतला.

स्क्रीनच्या वर उजव्या कोपऱ्यात जो ओ (प्रोग्रामचा नंबर) आणि एन दिसतो त्याकडे पण बघत जा. ज्या ब्लॉकला नंबर नाही तिथे तो एन शेवटचा जो गेला तोच दाखवत राहतो. म्हणजे प्रत्येक टूलला एकच नंबर दिलेला असला तरी अलार्म आल्यावर कोपऱ्यात एन७ दिसला की समजायचं सातव्या टूलमध्ये कुठेतरी. पुरेसं असतं.

गोटू (दुसऱ्या ब्लॉकवर उडी मारायची आज्ञा) मध्ये पण नंबर लागतोच, मॅक्रो लिहिणाऱ्यांना माहीत असेल. तिथे एक नियम असा की ज्या ब्लॉकवर उडी मारायची त्याचा एन ओळीच्या अगदी सुरुवातीला पाहिजे, मधे कुठे लिहिला तर उडी बसत नाही. आणि मागे उडी मारायला पुढे मारण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण कंट्रोल शोधत शोधत जातो. बार आपोआप पुढे सरकवणाऱ्या बार फीडरच्या प्रोग्राममध्ये हे जाणवतं, बाकी कुठे फारसं नाही.

मिलिंगवरून लेथवर आलेल्यांसाठी एक सूचना, नंबरांशी थेट संबंध नाही पण डोक्याला ताप तोच. तुम्ही सवयीने प्रोग्रामच्या सुरुवातीला जी९० लिहिता. फॅनुक लेथवर जी-कोडच्या तीन पद्धती असतात, ए, बी आणि सी, आणि जास्त करून दिसते ती ए. ए मध्ये जी९० म्हणजे अॅब्सोल्यूट (शून्यापासून मोजलेलं माप) नाही, टर्निंग सायकल! जी९२ थ्रेडिंग सायकल, जी९४ फेसिंग सायकल. तिथे अॅब्सोल्यूट हवं तर एक्स झेड लिहायचं आणि इन्क्रिमेंटल (आहे तिथून पुढे मोजलेलं) हवं तर यू डब्ल्यू, त्यासाठी वेगळा कोड नाही. बी मध्ये हेच सायकल ७७, ७८, ७९ होतात आणि जी९० परत तुमच्या ओळखीचा होतो. सी मध्ये तर जी७१ म्हणजे मेट्रिक आणि रफिंगचा सायकल जी७३. एका मशीनचा प्रोग्राम दुसऱ्यावर टाकायच्या आधी एवढं विचारून घ्या.

बाकीच्या कंट्रोलवाल्यांनी नावाचा विषय जास्त समजूतदारपणे हाताळलाय असं माझं मत आहे. सीमेन्सवर एन लिहिला काय नाही लिहिला काय, प्रोफाइलला सरळ शब्दात लेबल देता येतं, सुरुवात आणि शेवट, आणि उडी मारायला पुढची वेगळी गोटूएफ, मागची वेगळी गोटूबी. ओकुमावर एन च्या पुढे अक्षरं चालतात, एनलॅप१ असं नाव देता येतं, वाचतानाच कळतं की हा रफिंगचा आकार आहे. माझाकच्या मॅझाट्रॉलमध्ये तर तुम्ही जी-कोड लिहीतच नाही, तिथे युनिट असतात आणि त्यांचे नंबर कंट्रोल स्वतः देतो. आम्ही फॅनुकवाले मात्र अजून १०० आणि १९० मध्ये अडकलोय.

कंट्रोलला आपोआप नंबर टाकायला पण सांगता येतं, सेटिंगच्या पानावर सीक्वेन्स नंबर १ केला की प्रत्येक ईओबीला पुढचा एन हजर, किती किती ने वाढवायचा ते पॅरामीटर ३२१६ मध्ये. मी बंद करून ठेवलंय. कोणीतरी परत चालू करतं. मी परत बंद करतो. हे आमचं शीतयुद्ध आहे, समोरचा कोण ते मला अजून माहीत नाही. तिथेच जवळ अजून एक कामाची सोय आहे, सीक्वेन्स नंबर स्टॉप, प्रोग्राम नंबर आणि ब्लॉक नंबर भरून ठेवला की तो ब्लॉक झाला की मशीन थांबते, पहिल्या पीसला फिनिशिंगच्या आधी माप घ्यायचं असेल तर प्रोग्रामला हात न लावता थांबवता येतं. ती फार कोणी वापरत नाही, वापरा.

तर हे सगळं मी त्या पोराला चहाच्या वेळात सांगितलं, थोडं जास्तच सांगितलं असेल, पण त्याने मन लावून ऐकलं. म्हणाला म्हणजे सर नंबर फुकटची मेमरी खातात. मी म्हटलं बरोबर, ज्याला कोणी बोलवत नाही त्याला नाव नको. दुसऱ्या दिवशी सकाळी मी येईपर्यंत त्याने स्वतःच्या हौसेने प्रोग्राम साफ करून ठेवला होता, एकही एन शिल्लक नाही, काय चकाचक दिसत होता. सायकल स्टार्ट दाबलं. चक फिरला, टूल एक्स५२ झेड२ ला जाऊन उभं राहिलं, आणि लाल दिवा.

६३.